झाडांचे दोन डॉक्टर

त्याच्या फाटकावर पाटी लागली त्या दिवशी मी सकाळपासूनच्या चौथ्या वाडीकडे निघालो होतो. सायकलच्या हँडलला मोरचुदाची पिशवी, मागे कॅरियरला फवारणीचा पंप बांधलेला आणि पोटात सकाळचा चहा. श्रीवर्धनात त्या आळीचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. पाटी नीट वाचायला मला सायकलवरून उतरावं लागलं. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: बागायत सल्लागार. भेटीची वेळ सकाळी आठ ते बारा. संध्याकाळी व रविवारी भेट नाही.

मी ती पाटी दोनदा वाचली आणि मला हसू आलं. हा माणूस सहा महिन्यांत गाशा गुंडाळून जाणार, असं मी मनात म्हटलं. मग सायकलवर बसलो आणि पुढच्या वाडीपर्यंत त्या पाटीशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तेव्हा सात वर्षं हेच काम करत होतो. त्याआधी सरकारी शेतकी खात्यात होतो. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली देशावर झाली, तेव्हा इथले पाचसहा वाडीवाले घरी आले. नारळ-सुपारीच्या वाड्यांवर पिढ्या काढलेली ही माणसं, पण सुपारीची गळ सुरू झाली की हातपाय गाळून बसायची. ते म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. नोकरी सोडा. आम्ही वर्षाचं ठरवून देतो, तुम्ही आमची झाडं बघा." मला जायचं नव्हतंच. बायकोला इथली हवा मानवली होती आणि मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. मी राजीनामा दिला. लोक मला झाडांचे डॉक्टर म्हणायला लागले.

पण त्या 'जाऊ नका'ला मी जन्माचा बांधला गेलो. ज्यांनी मला ठेवून घेतलं त्यांना नाही कसं म्हणायचं? मी ताटावर बसलेला असताना फाटक वाजायचं. कोणाच्या माडाला भुंगा लागलाय, कोणाच्या केळीचं पान पिवळं पडलंय. "जरा नजर टाकून जा," म्हणायचे. ती जरा नजर टाकायला कधी म्हसळ्याच्या वाटेवर तीन मैल जावं लागे, कधी खाडीपलीकडे होडीने. बायको ताटावर ताट उपडं घालून ठेवायची. माझी वाट बघून मग ती स्वतः जेवायची. पहिली दोन वर्षं ती विचारायची, "किती वाजता याल?" पुढे तिने विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, तिला सवय झाली.

पाटी लावणारा तो माणूस मला अनोळखी नव्हता. शेतकी खात्यात तो माझ्या हाताखाली होता. चौलच्या बाजूचा, माझ्याहून आठएक वर्षांनी लहान, किडकिडीत, चष्मेवाला. त्यानेही नोकरी सोडली होती आणि बायकोला घेऊन इथे बिऱ्हाड केलं होतं. मूलबाळ नव्हतं. पाटी लागल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मला अजून साहेब म्हणत होता.

"साहेब, तुम्हाला न विचारता इथे आलो. तुमच्या वाड्यांना मी हात लावणार नाही," तो म्हणाला.

"तसं काही नाही. वाड्या पुष्कळ आहेत," मी म्हणालो. "पण ती पाटी काढा. इथे असं चालत नाही."

"कसं?"

"आठ ते बारा. लोकांना वेळ बघून यायची सवय नाही."

तो थोडा हसला. "लागेल सवय," म्हणाला.

मी त्याला तोंडावर अहोजाहो करत असे. मनात मात्र त्या दिवसापासून अरेतुरेच सुरू झालं.

सहा महिने गेले, वर्ष गेलं, तो कुठे गेला नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार सकाळी तो वाड्यांत जायचा. बुधवारी घरामागच्या तुकड्यात रोपांवर स्वतःचे प्रयोग करायचा, पुस्तकं वाचायचा. शनिवारी चिठ्ठ्यांची उत्तरं लिहायचा. कोणी संध्याकाळी गेलं तर बाहेर येऊन शांतपणे सांगायचा, "उद्या सकाळी आठला पहिला तुमच्याकडे येतो." आणि आठला तो खरोखर फाटकाशी असायचा. लोक चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले पण. पण वर्षभरात त्याच्या वेळा लोकांना पाठ झाल्या.

मला पहिला मोठा चटका बसला तो थोरल्या वाडीत. ही वाडी गावातली सगळ्यात मोठी. तिचे मालक म्हातारे, करारी, मला राजीनामा द्यायला लावणाऱ्यांत पुढे तेच होते. त्या वाडीत मी आठवड्यातून दोनतीनदा जायचो. ओटीच्या पायरीवर टेकायचो, आतून पाण्याचा तांब्या यायचा, मालक पडवीतूनच बोलायचे. एका बुधवारी गेलो तर ओटी सारवलेली, सतरंजी अंथरलेली, वर लोड.

"कोणी पाहुणे येणार आहेत का?" मी विचारलं.

"ते दुसरे डॉक्टर यायचेत उद्या," मालक म्हणाले. "जायफळाच्या कलमांचं विचारायचं होतं. तुमचं आहेच हो. पण म्हटलं, त्यांचंही मत घ्यावं. पंधरा दिवस थांबलो, तेव्हा उद्याची वेळ मिळाली."

'पंधरा दिवस थांबलो' हे ते कौतुकाने सांगत होते. मला त्यांनी कधी पंधरा मिनिटांची उसंत दिली नव्हती. मी पायरीवर बसलो, तांब्यातलं पाणी प्यायलो. सतरंजीवर बसा असं ते म्हणाले नाहीत. माझ्याही मनात आलं नाही, निदान तेव्हा. परतताना सायकल चालवताना मात्र आलं, आणि इतकं आलं की वाटेत मी एका बाईच्या डोक्यावरच्या टोपलीला धडकता धडकता वाचलो.

तो माझ्याहून हुशार होता का? नव्हता. हे मी आजही सांगतो. रोग ओळखण्यात माझा हात त्याच्यापेक्षा वर होता. पान उन्हात धरून मी जे सांगायचो ते त्याला पुस्तकात बघावं लागे. माझ्याजवळ जे होतं ते लोकांना कधीही मिळत होतं आणि त्याच्याजवळचं वेळेवर मिळत होतं. एवढ्यावरून त्याला सतरंजी आणि मला पायरी. हे माझ्या पोटात जाऊन बसलं.

घरात ते आणखी वाढलं. आमची मुलगी अकरा वर्षांची झाली होती. तिला सायकल शिकायची होती. माझी सायकल दिवसभर माझ्याबरोबर. मी तिला म्हणायचो, "रविवारी शिकवतो." रविवारी कोणीतरी यायचंच. एका संध्याकाळी मी लवकर म्हणजे दिवेलागणीच्या आधी घरी आलो, तर घरात कोणी नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "समुद्रावर गेल्यात दोघी."

मी तसाच निघालो. ओहोटी होती. श्रीवर्धनची वाळू ओहोटीला अशी घट्ट बसते की तिच्यावर पाऊल उमटत नाही. सुरूच्या झाडांपाशी पोचलो आणि थांबलो. मुलगी सायकलवर होती. त्याची सायकल, तिच्या मानाने उंच. तो मागे सीट धरून धावत होता, चष्मा हातात घेतलेला, धोतराचा काचा मारलेला. मग त्याने सीट सोडली. तिला कळलं नाही. ती तशीच पाण्याच्या कडेने सरळ गेली, आणि तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत बघत राहिला. थोडं अलीकडे त्याची बायको आणि माझी बायको वाळूत बसल्या होत्या. मधे कागदावर उकडलेल्या शेंगा. माझी बायको काहीतरी सांगत होती, हात हलवून. त्या दोघी हसत होत्या. बायकोला असं हात हलवून बोलताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी पुढे जायला हवं होतं. वीस पावलांचं अंतर. पण मला वाटलं, मी गेलो तर ते सगळे उठून उभे राहतील. तो म्हणेल, "या साहेब," आणि बायको पदर सारखा करेल. मी झाडाच्या आड उभा राहिलो, चोरासारखा, आणि मग मागे फिरून घरी आलो. चूल पेटवून चहा केला. त्या दोघी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मला सायकल आली."

"कोणी शिकवली?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"काकांनी."

"त्यांना बरा वेळ मिळतो," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "ते घरी असतात ना." तिने हे साधेपणाने सांगितलं, समुद्राला भरती आली असं सांगावं तसं. बायको आत गेली.

त्यानंतर मी जे करत गेलो त्याची मला लाज आहे, म्हणून ते नीट सांगतो. मी वाड्यांतून बोलायला लागलो. उघड निंदा केली नाही, तेवढा मी शहाणा होतो. पाटावर पाणी सोडता सोडता म्हणायचो, "रोगाला काय, रविवार थोडाच कळतो?" किंवा, "त्यांचं बरं आहे हो. मला नाही जमत, झाड मरताना बघून घरी बसणं." ऐकणारा मान डोलवायचा. हळूहळू त्याच्याकडचे दोनचार जण रविवारी माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना कधी परत पाठवलं नाही. दमून पाय थरथरत असले तरी गेलो. त्याचा माणूस माझ्या दारात उभा दिसला की मला जे सुख व्हायचं ते जेवणाने झालं नसतं. ज्याला मी बारा तास काम म्हणत होतो त्यातलं निम्मं काम त्या दिवसांत फक्त त्याच्यावर मात करण्यासाठी चाललं होतं. बायकोला ते कळत होतं. एकदा ती म्हणाली, "तुम्ही वाडीत जाताय की त्यांच्या अंगावर जाताय?" मी पंप कॅरियरला बांधला आणि निघालो.

मे महिना संपत आला होता. सुपारीवर पावसाआधीची फवारणी करायचे हेच दिवस. मोरचूद एका पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करून पंपाने घोसांवर उडवायचं. वर चढून फवारणारे पाडेली ठरलेले असायचे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर शेंडा वाकवून जाणारी माणसं. ती मोजकी, त्यामुळे सगळ्यांची एकच घाई.

अशाच एका रविवारी दुपारी एक काकी माझ्याकडे आल्या. खाडीच्या अंगाला त्यांची लहानशी वाडी होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, वाडी त्यांनी एकटीने सांभाळली होती. त्या त्याच्याकडच्या, माझ्याकडच्या नव्हेत.

"त्यांनी उद्या सकाळी येतो म्हटलंय," काकी म्हणाल्या. "पण पाडेली आजच मोकळा आहे. उद्या तो दिवेआगरला जातोय. तुम्ही याल का?"

मी त्या दिवशी पहाटेपासून तीन वाड्या केल्या होत्या. डोळ्यांत मोरचूद जाऊन डोळे चुरचुरत होते. आदल्या दोन दिवसांत धड झोप नव्हती. बायको दारात उभी होती, तिने मानेनेच नको म्हटलं. मी काकींना म्हणालो, "चला."

वाडीत काकींनी सगळं काढून ठेवलं होतं. चुन्याचं पोतं मागच्या वर्षीचं होतं. कळीचा चुना हवेने फुटून त्याची भुकटी झाली होती. असल्या चुन्यात जोर राहत नाही, हे शेतकी शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. जोर नसला तर मोरचूद झाडाला जाळतं. म्हणून मिश्रण झालं की त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पातं स्वच्छ निघालं तर ठीक. तांबूस झालं तर चुना वाढवायचा. सोपी परीक्षा, दोन मिनिटांची.

मी पिंपात काठी फिरवत होतो. पाडेली जवळ उभा होता, साठीचा, माझ्याबरोबर अनेक वर्षं काम केलेला. तो म्हणाला, "डागदर, सुरी बुडवायची न्हाय काय?"

"रंग बरोबर आहे," मी म्हणालो.

"चुना जुना हाय तो."

"मला दिसतंय. तू चढ."

त्याने एकदा पिंपात बघितलं आणि पायाला दोरीचा फास लावून चढला.

पाचव्या दिवशी काकींची वाडी मी रस्त्यावरून पाहिली. पाहिली म्हणजे मुद्दाम गेलो, कारण गावात कुजबुज ऐकली होती. कोवळ्या सुपाऱ्यांवर करपल्यासारखे डाग. खाली पाटात, आळ्यांत हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. वाडीच्या फाटकाशी त्याची सायकल टेकलेली होती. मी आत गेलो नाही.

त्याच संध्याकाळी तो आमच्याकडे आला. संध्याकाळी तो कोणाकडेही कामासाठी जात नसे, म्हणून मला आधी वाटलं, हा मला सुनवायला आलाय. माझी तयारीही होती. मी भांडायची कित्येक महिने वाट बघत होतो. बायकोने त्याला पाट दिला. तो बसला, चष्मा पुसला.

"काकींची निम्मी सुपारी वाचेल," तो म्हणाला. "चुना गेलेला होता. मी त्यांना तेवढंच सांगितलं."

"तेवढंच म्हणजे?"

"चुना जुना होता, असं. बाकी काही नाही."

म्हणजे त्याने मला वाचवलं होतं. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. सतरंजी त्याची, मुलीची सायकल त्याची, आणि आता चांगुलपणासुद्धा त्याचाच.

"तुम्ही कशाला झाकलंत?" मी म्हणालो. "सांगायचं होतंत, मी सुरी बुडवली नाही म्हणून."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "साहेब, सुरी बुडवायला मला तुम्हीच शिकवलंत. खात्यात असताना. मी एकदा विसरलो होतो तर तुम्ही अख्खं पिंप ओतून द्यायला लावलं होतंत."

ते मला आठवत होतं.

"मी दुपारनंतर काम करत नाही, त्याला लोक नियम म्हणतात," तो पुढे म्हणाला. "नियम वगैरे काही नाही. दमलो की माझ्या चुका होतात. बारापर्यंत डोकं चालतं, मग नाही चालत. हे मला फार लवकर कळलं. मला वाटायचं, तुमचं तसं नसेल. तुम्ही दिवसभर करू शकता. मला त्याचा हेवा वाटायचा, खरं सांगायचं तर."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. पण माझ्या मनाची अवस्था अशी होती की त्याच्या हेव्याने माझा हेवा काही कमी झाला नाही. आपल्या चुका त्याला लवकर कळल्या, मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होत्या, याचाच मला त्याक्षणी हेवा वाटला. तो गेल्यावर बायको म्हणाली, "काकींकडे जाऊन या." मी म्हणालो, उद्या जातो. ती म्हणाली, "आत्ता जा. एरवी कोणीही बोलावलं तर जाता."

मी गेलो. काकी ओटीवर सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या, जळलेल्या एका बाजूला, बऱ्या दुसऱ्या बाजूला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चुना जुना होता हे मला दिसलं होतं, परीक्षा करायची मी टाळली, दमलो होतो, आणि खरं म्हणजे मी तुमच्या झाडांसाठी आलोच नव्हतो, त्यांच्यावर कुरघोडी करायला आलो होतो.

काकींनी हात थांबवला नाही. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पाडेल्याने सांगितलं त्याच दिवशी. तुम्ही येऊन सांगता का ते बघत होते."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बसा की. आणि पुढच्या वर्षी येणार असाल तर झोप काढून या."

मी त्यांच्याबरोबर अंधार पडेपर्यंत सुपाऱ्या निवडल्या. त्या वर्षीची दुसरी फवारणी पावसाच्या उघडिपीत मी केली, ताजा चुना स्वतः आणून, आणि दरवेळी सुरी बुडवून. पाडेली वरून ओरडून विचारायचा, "काय रंग हाय?" आणि मी पातं वर करून दाखवायचो. तो चेष्टा करत होता का खात्री करून घेत होता, मला कधी कळलं नाही.

त्या पावसाळ्यात मी ठरवलं की संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी जायचं नाही. मला वाटलं होतं, ठरवलं की झालं. त्याला जमलं तसं मलाही जमेल. तसं झालं नाही. त्याने पहिल्या दिवसापासून आपली वेळ सांगितली होती, मी आठ-नऊ वर्षं सगळी वेळ देऊन मग काढून घेत होतो. लोकांना ते लागलं. थोरल्या वाडीचे मालक रविवारी सकाळी स्वतः काठी टेकत फाटकाशी आले. "नारळाची नवी रोपं लावायची आहेत, जागा दाखवायला चला," म्हणाले.

"उद्या सकाळी येतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आता तुम्हीसुद्धा?"

"उद्या आठला."

ते काठी टेकत परत गेले. आठवडाभराने कळलं, त्यांनी वाडी त्याच्याकडे दिली. त्याने ती आधी नाकारली, माझ्याकडे निरोप पाठवला, "साहेब, मी शब्द दिला होता." मी उलट निरोप दिला, घ्या. ते लिहिताना मला किती कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. आणखी दोन वाड्या गेल्या. त्या वर्षी घरात थोडी ओढाताण झाली.

आणि ज्या रविवारसाठी हे सगळं केलं, तो पहिला रविवार फार वाईट गेला. मला घरात बसता येईना. साखर कुठे असते ते मला माहीत नव्हतं. बायको जिथे जाई तिथे मी मधे येत होतो. मुलीला म्हटलं, चल, समुद्रावर जाऊ. तिने आईकडे बघितलं. म्हणाली, "मी काकूंबरोबर शिंपल्या वेचायला जायचं ठरवलंय." आणि गेली. मी ओटीवर बसून राहिलो. तिचा राग मला आला नाही, त्याचा आणि त्याच्या बायकोचा आला. दुसरा रविवारही तसाच गेला. चौथ्या का पाचव्या रविवारी तिने येऊन विचारलं, शाळेत वनस्पतीचा संग्रह करायचा होता, "बाबा, ही पानं कसली?" मी तिला पानामागच्या शिरा दाखवल्या. अर्धा तास. मग तिला कंटाळा आला आणि ती उठून गेली. पण अर्धा तास मिळाला.

हेवा पूर्ण कधी गेला नाही. लोक सांगतात तसं मन स्वच्छ वगैरे काही झालं नाही माझं. आम्ही दोघं पुढे वाड्या वाटून घेऊ लागलो, एखाद्या वाडीत एकमेकांना बोलावूही लागलो. तरी त्याला कोणी सतरंजी टाकली की माझी नजर तिकडे जायची. साठ सालानंतर केव्हातरी तो चौलला परतला, त्याच्या वडिलांची वाडी बघायला. त्याला निरोप देताना मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आता इथे मी एकटाच डॉक्टर, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

तो गेल्यावर काही दिवसांनी एका रविवारी सकाळी मी आणि बायको पडवीत सुपाऱ्या सोलत बसलो होतो. मी सहज म्हणालो, "मला त्याचा फार हेवा वाटायचा."

"मला काय ते दिसत नव्हतं?" ती म्हणाली. तिने आणखी दोन सुपाऱ्या सोलल्या. "मला झाडांचा वाटायचा."

"झाडांचा?"

"तुम्ही झाडाजवळ गेलात की थांबता. हात लावता. चहूकडून बघता. मी एकदा वाडीत डबा घेऊन आले होते, तेव्हा पाहिलं. माझ्याकडे इतका वेळ तुम्ही कधी बघितलं नव्हतं. मी डबा पाडेल्याकडे दिला आणि घरी आले." ती हसत म्हणाली, पण हातातली सुपारी तिने नीट न सोलताच टोपलीत टाकली.

मी ती टोपलीतून उचलून सोलायला घेतली. तेवढ्यात बाहेरून हाक आली. काकींच्या वाडीत माड वाऱ्याने कलला होता, रहाटावर पडायच्या बेतात होता. हे थांबण्यासारखं नव्हतं. मी उठलो. बायकोला म्हटलं, "साडेबारापर्यंत येतो."

माडाला दोर लावून तो खुंटाला आवळेपर्यंत दीड वाजला. मी घाईने घरी आलो. माझं ताट वाढून झाकलेलं होतं. तिचं ताट घासून भिंतीला उभं केलेलं. ती वेळेवर जेवली होती आणि शेजारच्या बाईंबरोबर देवळात गेली होती, असं मुलीने सांगितलं. इतक्या वर्षांत ती माझ्याआधी पहिल्यांदा जेवली होती. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. आमटी गार झाली होती.